प्लग आधी खिशात घाल

ए, खोटं बोलू नकोस! गल्लीभर सांगत सुटलास, "चार्जर फुटका होता, त्यानंच घात केला." फुटका होतो तर आज माळ्यावरून परत कशाला काढलंस मला? एक वायर बदलली की लगेच सुधारलो होय मी?

पण तू कुठला बोलायला! बाहेर गिऱ्हाइकाशी फोनवर गोड गोड चाललंय तुझं. मग मीच बोलतो. मोटारीच्या उतरलेल्या बॅटऱ्या चार्ज करणारा मी लोखंडी डबा. पुढं एक काटा, पोटातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी, टोकाला दातेरी चिमटे. देखणा नाही, पण खोटाही नाही.

माझा पहिला मालक मिस्त्री. तोंडाचा फाटका, हाताचा पक्का. बॅटरी उतरली की पत्र्याच्या शेडमध्ये वाऱ्यावर ठेवायचा. जोडताना चिमटे आधी, प्लग नंतर. सोडवताना उलटं. भिंतीतला प्लग उपटायचा, शर्टाच्या खिशात कोंबायचा, मगच चिमट्याला हात. छातीवरून वायर लोंबतेय आणि हा काम करतोय! तू टॅक्सी घेऊन यायचास आणि दात काढायचास. "मिस्त्री, खिशात वीज भरून घरी नेताय काय?"

"हस, हस. चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते. त्याला एक ठिणगी बास. प्लग माझ्या खिशात असला की चिमट्याला ठिणगी येईल कुठून?"

पुढं त्याचे हात थरथरायला लागले. दुकान बंद केलं आणि मला तुझ्या हवाली केलं. तिथंच माझं नशीब फुटलं.

तुझ्या घरची रीतच न्यारी. जे बंद पडेल त्याच्यावर पांघरूण घालायचं. बायको तापली, घाल रजई. पाण्याची मोटर बसली, घाल पोतं. त्या थंडीत गाडी सुरू होईना, तर बॅटरी उचलून आणलीस थेट बायकोच्या शिवणाच्या खोलीत. खिडकी लावलीस, मला जोडलंस आणि बॅटरीवर जाड रजई टाकलीस. म्हणे गारठलीय, ऊब दिली की उठेल! अरे, ती बॅटरी आहे का बाळंतीण?

बायको मशीनवर होती. म्हणाली, "अहो, कुजक्या अंड्यांसारखा वास येतोय."

"तुझ्या नाकाला माझं सगळंच कुजकं लागतं."

"खिडकी तरी उघडा."

"आणि ऊब घालवू?"

मी आपला गुरगुरत होतो. माझं कोण ऐकतंय!

मग गिऱ्हाइकाचा फोन आला. तू धावत आत आलास. "रजई उचल गं, उशीर झाला." ती वाकली. रजई उचलली, तोंड बॅटरीच्या वरच. आणि तू बटण बंद न करताच चिमटा ओढलास. ठिणगी माझ्या दातांतून उडाली, हे खरं. पण ओढला कुणी?

बॅटरीचं झाकण छताला जाऊन लागलं. आतलं ॲसिड तिच्या चेहऱ्यावर. डोळे दाबून ती खालीच बसली, किंचाळत. कोपऱ्यात पाण्यानं भरलेली बादली होती. ओतायचं होतंस, ओततच राहायचं होतंस! तू मलमाची डबी शोधत फिरलास. डबी सापडली तोवर उजवा डोळा गेला.

आता ती सुईत दोरा ओवते तर तो बाजूनंच जातो. टोक ओठात ओलं करते आणि परत धरते. मला बघवत नाही. तू बघतोस कुठं?

आणि आज? नवी बॅटरी, तीच खोली, खिडकी बंद. वर तीच रजई. ॲसिडनं पडलेल्या भोकांना तिनंच ठिगळं लावलीत. मघाशी म्हणाली, "अहो, अंगणात ठेवा की."

"तेव्हा चार्जरच बाद होता. तू शीव."

वास सुटलाय. तिला आलाय. मशीन थांबलं. ती उठून रजईकडं निघालीय, उरलेला एक डोळा घेऊन. आणि दारात तुझी चप्पल वाजली.

ऐक. तिला बाहेर काढ. बटण बंद कर. प्लग उपट, खिशात घाल. खिडकी उघड, वास जाऊ दे. मगच चिमट्याला हात लाव.