डबीतली पांढरी अळी

गुरप्पासरांनी नोकरीत एकच गोष्ट मनापासून केली, ती म्हणजे झाकणं लावणं. सोलापूरच्या त्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्रमुख होते. किड्यांना मारणाऱ्या बुरशींतलं अख्ख्या जिल्ह्यात आपल्याएवढं कुणाला कळत नाही, असं ते स्वतःच सांगत. ते खरंही होतं. दुसरं कुणी त्या नादाला लागलेलंच नव्हतं.

त्यांचं वर्गीकरण जगदेवीला पाठ झालं होतं. मेलेला किडा पांढरा दिसला की पहिला कप्पा, हिरवा दिसला की दुसरा, भोवती बुरशीचं पिठासारखं रिंगण घेऊन काचेला चिकटलेली माशी असली की तिसरा. नवी पेठेतला लुगडीवालासुद्धा याहून बारकाईनं माल लावतो, असं तिच्या मनात येई. पण ती चार वर्षं हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होती आणि तिला कायम करायचा कागद सहीसाठी सरांच्याच टेबलावर पडून होता. म्हणून ती मुकाट्यानं सरांच्या नमुन्यांची चित्रं काढून देई.

शहात्तरच्या सप्टेंबरात सरांना नवी जात सापडली. अक्कलकोटकडे केराबाई नावाच्या बाईच्या भुईमुगात पानं खाणाऱ्या अळ्या पांढऱ्या पडून मरत होत्या. जगदेवीला घेऊन सर तिथं गेले. नेहमीच्या शिस्तीनं त्यांनी अळ्या तिथल्या तिथं कोरड्या डबीत घातल्या, डांबरगोळी टाकली, झाकणाला मेण लावलं. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखायला लागणारा एकही बीजाणू दिसेना. दुसरा कुणी ओशाळला असता. सर हरखले.

"बीजाणूच नाहीत! हाच हिचा विशेष. नवी जात आहे, बाई. चित्रांखाली तुमची सही करा, मग मी तुमच्या कागदावर करतो."

जगदेवीला किळस आली. बीजाणू धरायच्या आधीच बुरशी सुकवून मारली, तर दिसणार काय, कपाळ? दुसऱ्या दिवशी ती एकटीच एस.टी.नं केराबाईच्या रानात गेली, ताज्या पांढऱ्या अळ्या आणल्या आणि काचेच्या बशीत ओल्या टिपकागदावर ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्या हिरव्यागार झाल्या. बीजाणूंचा नुसता खच पडला होता. सरांच्या दुसऱ्या कप्प्यातलीच जुनी बुरशी ती.

सरांनी नाकाला रुमाल लावून बशीकडे पाहिलं.

"ओलावा लागला, वरून दुसरी बुरशी चढली. फेकून द्या. सही करताय ना?"

"नाही, सर."

"मग राहा हंगामी." त्यांनी तिचा कागद खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

जगदेवी बशीला चिठ्ठी लावायला बसली. मनातून ती स्वतःवर खूश होती. पीक, तारीख, गाव तिनं लिहिलं. शेवटी 'ओळख पटवणारे'. तिथं आजवर प्रत्येक चिठ्ठीवर सरांचं नाव जाई. तिनं ऐटीत स्वतःचं लिहायला पेन टेकवलं आणि ती थांबली.

पहिल्याच दिवशी केराबाई बांधावरून म्हणाली होती, "आज पांडरी हाय, परवा हिरवी हुतीया बगा. तीच की वो बाई, येगळी न्हाय." सर खो खो हसले होते. जगदेवीही हसली होती, सरांना बरं वाटावं म्हणून त्यांच्यापेक्षा जरा मोठ्यानंच.

तिला स्वतःची शरम वाटली. तिनं लिहिलं, केराबाई. पुढं आडनाव लिहायचं होतं. दोनदा त्या बाईच्या रानात जाऊनही ते तिनं विचारलंच नव्हतं.