चंद्र उगवायच्या आत

मी एक जुना फोन आहे. घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर गेणभाऊंचं दुकान आहे. त्याच्या मागच्या फळीवर, उदबत्तीच्या रिकाम्या खोक्यांशेजारी मी पडून असतो. मित्रांनो, तुम्ही मोबाईलचं रिचार्ज मारायला येता, तेव्हा तुमचे खाली घातलेले चेहरे मला दिसतात. हाक मारावीशी वाटते. पण हाक मारणं हे माझं काम कधी नव्हतंच. मी दुसऱ्यांच्या हाका पोचवायचो. त्यातच थकलो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग सायीसारखा होता. नव्वदच्या दशकात गेणभाऊंनी दुकानाच्या कोपऱ्यात काचेची खोली केली, वर पिवळी पाटी लावली आणि मला आत बसवलं. मग रांगा लागल्या. माझ्यातून टोमॅटोचे भाव गेले, बारशाची आमंत्रणं गेली, मयतीचे निरोप गेले. कोणी माझ्या कानात हसलं, कोणी रडलं. खंडेनवमीला गेणभाऊ मला पुसून हळदीकुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. त्यातलं थोडं कुंकू तीनच्या बटणापाशी अजून अडकून आहे. एवढंच काय ते वैभव शिल्लक.

दर रविवारी रत्नाबाई यायच्या. त्यांच्या वाडीवर फोनच्या तारा पोचल्या नव्हत्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या घोटभर चहा घेत नसत, त्यामुळे अकराची वेळ त्यांना सोयीची. माझ्यासमोर स्टूल होतं, त्यावर पदर सावरून बसायच्या. अकराला ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून मुलाचा, सूरजचा फोन यायचा. बाराला त्याच देशातल्या मेलबर्नहून मुलीचा, वृषालीचा. दोन फोनांच्या मधला तास त्या जप करत तिथंच बसून काढायच्या.

एकाच देशात राहणारी भाऊबहीण एकमेकांशी बोलत नव्हती. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते माझ्यातूनच गेलं होतं.

सूरज आधी खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला होता. तिथून पर्थला नोकरी लागली. तो जाऊन दोन महिने होतात न होतात तोच वडील, चिमाजी, आजारी पडले. पोराची नोकरी नवी आहे, त्याला कळवू नका, अशी त्यांनी शपथ घातली. तेव्हा वृषालीचं लग्न व्हायचं होतं. सूरजचा फोन आला तेव्हा स्टुलावर ती बसली होती. माझ्या तोंडाला तोंड लावून, डोळे पुसत ती म्हणाली, "दादा, बाबा बरे आहेत. आत्ताच जेवले."

दोन दिवसांनी चिमाजी गेले. सूरज पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. बापाचं तोंडही दिसलं नाही. शपथ बाबांनी घातली होती, हे रत्नाबाईंनी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "बाबा आजारी होते. ती तर धड होती ना?" पुढं वृषाली लग्न होऊन त्याच देशात गेली, तरी तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. तिचं बाळ त्यानं पाहिलं नाही. त्याच्या घराचा पत्ता तिला माहीत नव्हता. तो अकराला विचारायचा, "बाकी सगळे बरे?" ती बाराला विचारायची, "बाकी सगळं ठीक?" आणि रत्नाबाई इकडचं तिकडे, तिकडचं इकडे पोचवायच्या. मित्रांनो, त्या दोघांमधली तार मी नव्हतो, त्या होत्या. आणि तार कितीही बळकट असली तरी ताणून ताणून थकतेच.

अशातच दोघांनी आईला बोलावून घ्यायचं ठरवलं. म्हणजे एकत्र नव्हे, आपापलं. गाय व्यायला झाली होती. शेजारच्या कुशाबाईंनी बारा दिवस गोठा बघायचं कबूल केलं. त्याहून जास्त राहणं होणार नव्हतं.

मग सुरू झालं नियोजन. गेणभाऊंनी शाळेचा जुना नकाशा माझ्यासमोर पसरला आणि बरणीतल्या तीन गोळ्या काढल्या. एक पर्थवर ठेवली, एक मेलबर्नवर, आणि "आता एवढ्या लांब चालल्याच आहात तर हेही बघून या" म्हणून एक सिडनीवर.

"हे दोघांच्या मधलं अंतर केवढं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"इमानानं साडेतीन-चार तास. देशातल्या देशात उडणारं इमान निराळं असतंय, वहिनी. त्याचं तिकीट निराळं, बॅगेचं वजन निराळं."

रत्नाबाई नकाशाकडे बघत राहिल्या. बोटभर तर अंतर दिसत होतं.

सूरज म्हणाला, आधी पर्थला उतर. वृषाली म्हणाली, लांबचा प्रवास करून थकशील, आधी माझ्याकडे ये. सूरज म्हणाला, सहा दिवस माझ्याकडे. वृषालीनं विचारलं, मग मला किती उरले? गेणभाऊ पुण्याच्या तिकीटवाल्याला फोन लावायचे, तो वैतागून पुन्हा बेत बदलायचा. आजींना भाषा येत नाही तर चाकाची खुर्ची मागून घेऊ, ढकलत नेऊन विमानाच्या दारात सोडतात, असंही त्यानं सुचवलं.

"धडधाकट बाईनं पांगळं व्हायचं?" रत्नाबाई म्हणाल्या. "लेण्याद्रीच्या पायऱ्या म्या अजून चढती, भाऊ."

महिनाभरानं एकदाचं जुळलं. आधी पर्थ. तिथून मंगळवारी संध्याकाळच्या विमानानं मेलबर्न. शेवटी दोन दिवस सिडनी. मंगळवारी विमानं रिकामी असतात, तिकीटवाला खुशीत म्हणाला. गेणभाऊंनी नकाशावरची सिडनीची गोळी तोंडात टाकली.

रत्नाबाई मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, हा मंगळवार अंगारकीचा हाय."

गेणभाऊ चघळायचे थांबले. संकष्टीचा उपास रत्नाबाईंनी कधी मोडला नव्हता. त्यातून अंगारकी. चंद्राला अर्घ्य द्यायचं, आरती करायची, मग अन्न. आणि चंद्र उगवणार तेव्हा त्या आभाळात असणार होत्या.

"इमानातनं चंद्र जवळ दिसंल की," गेणभाऊंनी थट्टा करून बघितली. "निरांजन तेवढं लावू द्यायचे न्हाईत. पायलट खालीच उतरवंल."

त्या हसल्या नाहीत. मग पुन्हा फोन. विमान बुधवारचं करू, असं ठरायला लागलं. अकराला सूरज म्हणाला, बरंच झालं, एक दिवस माझ्याकडे वाढला. बाराला वृषाली म्हणाली, "म्हणजे माझाच दिवस कापला. त्यानं मुद्दामच केलं असणार."

रत्नाबाईंनी मला जागेवर ठेवलं, पण वरचा हात काढला नाही. तो हात मला ओळखीचा होता, वर्षानुवर्षांचा. त्या दिवशी तो जड लागला. देवाचं व्रतसुद्धा पोरांनी भांडायला घेतलं होतं. मग त्या म्हणाल्या, "गेणभाऊ, सूरजला लावा."

सूरजनं उचलल्यावर त्या हळूच बोलल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"म्या पर्थला येत न्हाई, बाळा. मेलबर्नलाच येती. अंगारकीला चंद्र उगवायच्या आत तू तिथं ये. तू आलास की उपास सोडीन."

"आई, हा काय हट्ट?"

"हट्ट न्हाई. दमले. म्या एवढ्या लांबनं येती, तुला देशातल्या देशात एक इमान घ्यायचंय."

पलीकडून नुसती खरखर आली. मग "बघतो," आणि फोन बंद.

वृषालीला त्यांनी तेच सांगितलं. ती म्हणाली, "तो यायचा नाही, आई. तू उपाशी राहशील."

"तू ताट वाढून ठिव. मोदक जास्तीचे कर."

पुण्याचा तिकीटवाला म्हणाला, आजी ऑस्ट्रेलियाला जाऊन सिडनी बघणार नाहीत? गेणभाऊ म्हणाले, "त्यांना जे बघायचंय ते सिडनीत न्हाई, राव. तू मुंबई-मेलबर्न कर."

रत्नाबाई रविवारी निघाल्या. "पोचल्याबरोबर फोन करा," गेणभाऊंनी चारदा बजावलं. सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी सकाळीही नाही. गेणभाऊ गिऱ्हाइकांवर खेकसत होते. दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही, तेव्हा मला कळलं, यांनीही अंगारकी धरली आहे, आणि तीही तिकडच्या चंद्रावर. मेलबर्नचा चंद्र आपल्याकडच्या चारच्या सुमाराला उगवणार, असं वृषालीनं सांगून ठेवलं होतं. चार वाजले. साडेचार झाले. गेणभाऊंनी दोनदा मला उचलून पाहिलं, लाइन चालू आहे ना म्हणून.

पाच वाजून गेल्यावर मी वाजलो. इतका मनापासून मी कधी वाजलो नसेन.

"भाऊ, पोचले म्या. त्या ढकलगाडीत बसले एकदाची. पाय उचलंना." रत्नाबाईंचा आवाज खोल गेलेला होता. "हितला चंद्र उलटा दिसतोय."

"उपास सोडला का?" गेणभाऊंनी विचारलं. खरं विचारायचं ते त्यांच्या ओठांवर येईना.

"आत्ता सोडती. चंद्र उगवायच्या आत न्हाई आला तो. वृषाली म्हनली, आई, आता खा. चंद्र पार वर आला, तवा दारावरची घंटी वाजली." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "बापाच्या वक्ताला त्याला उशीर झाला व्हता. त्यांना थांबता आलं न्हाई. आज म्या थांबले."

तिकडे रत्नाबाईंनी फोन खाली ठेवला असावा, बंद न करताच. मला लांबून ताटल्यांचा आवाज आला, बाळाची कुरकुर आली. मग वृषालीचा आवाज, घाबरत घाबरत.

"दादा, मोदक कसा झालाय? खरं सांग."

इतकी वर्षं मी त्या दोघांचे आवाज वेगवेगळ्या तासांना ऐकत आलो होतो.

"गोड जास्त झालाय," सूरज म्हणाला. आणि मग, "वाढ अजून एक."

गेणभाऊंनी मला हळूच जागेवर ठेवलं, आपल्या टोपीनं पुसलं आणि डबा उघडला.

रत्नाबाई परतल्यावर रविवारी एकच फोन यायला लागला. कधी पर्थहून, कधी मेलबर्नहून, पण लाइन जोडून घेऊन बोलायला दोघंही असायची. पुढं वाडीवर मोबाईल पोचला आणि रत्नाबाईंचं येणं थांबलं. काचेची खोली मोडली. माझी तार कापली. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मी दमलो होतो, मित्रांनो. इतक्या लोकांचं बोलणं वाहून कोणीही दमेल.

तुमच्या खिशातला फोन नवा आहे, त्याला जपा. पण त्याच्या काचेपेक्षा त्यातून जाणाऱ्या शब्दाला जास्त जपा. घरात कोणी आजारी असेल तर लांब असलेल्याला खरं सांगा. कडू असलं तरी सांगा. आणि कोणाशी बोलणं तुटलं असेल, तर मधल्या माणसाला ताणत बसू नका. ते माणूस तक्रार करत नाही, नुसतं थकत जातं. उशीर झाला असला तरी निघा. कोणीतरी न जेवता बसलेलं असतं.