गुळाचा खडा

“आज आत उतरू नकोस,” ताजुद्दीन तिसऱ्यांदा म्हणाला.

रमीजने टाकीच्या तोंडातून शिडी आत सोडली. कुसगावच्या त्या हॉटेलामागे जमिनीत बसवलेली ही पाण्याची लोखंडी टाकी गळत होती; आतून वेल्डिंग करायचं होतं. रात्रीच रिकामी केली होती, आणि संध्याकाळी हॉटेलात लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं.

“अब्बा, तुमी रागावलाय का घाबरलाय, तेच कळत न्हाई आता,” रमीज म्हणाला. “त्वांड एकच.”

ते खरं होतं. दोन वर्षांत ताजुद्दीनचा चेहरा हलेनासा झाला होता, आणि उजवा हात थांबेनासा.

“काल डाक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?”

“बहुतेक म्हणाले. नक्की न्हाई म्हणाले.”

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी कामाचं विचारलं होतं. पस्तीस वर्षं वेल्डिंग, त्यातली कितीतरी अशाच बंद टाक्यांत. त्या धुरात मँगनीज नावाचा धातू असतो, ते म्हणाले. श्वासावाटे जाऊन तो मेंदूत साठतो, हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मारतो. तुमचं तेच झालं असावं. ठामपणे सांगता येत नाही. मुलगा काय करतो, ते त्यांनी विचारलं नाही. ताजुद्दीननेही सांगितलं नाही. शेजारी बसलेला रमीज खाली बघत होता.

“कामशेतवरनं धूर ओढायचा पंखा आणू. उद्या कर.”

“मंग वऱ्हाडाला काय कोरडी आंघोळ घालू?” रमीजने खिशातली पुडी सोडून गुळाचा खडा तोंडात टाकला. “हाय की आपलं औषध. गुळानं धूर खाली उतरतो. तुमीच शिकवलंय.”

“मीबी खाल्ला. रोज.”

“मंग?”

ताजुद्दीनने हात पुढे केला. तो हलत राहिला.

रमीजने नजर वळवली. खडा गालात तसाच धरून तो शिडीने खाली गेला. थोड्या वेळाने आत निळा उजेड झाला आणि टाकीच्या तोंडातून राखाडी धूर वर आला.

ताजुद्दीनने रॉडच्या खोक्याचा पुठ्ठा उचलला. दोनदा तो बोटांतून सुटला. मग टाकीच्या काठाशी बसून तो वारा घालू लागला. धूर जरासा बाजूला जाई, पुन्हा येई.

“अब्बा, दमाल. ऱ्हाऊ द्या,” आतून आवाज आला.

“हात तसाबी हलतोयच,” ताजुद्दीन म्हणाला.