आजारी पडू नये म्हणून

काळूरामची कोंबडी कधी शिंकत नाही, ही गोष्ट चिंचोटीपासून गोखिवऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती, कारण काळूराम ती भेटेल त्याला सांगत असे. भातशेताच्या कडेला अडीचशे कोंबड्यांची शेड आणि आठ वर्षांत एकही साथ नाही. शेजारच्या प्रल्हादच्या कोंबड्या दर पावसाळ्यात माना टाकत, तेव्हा काळूराम म्हणे, अरे, कोंबडी सांभाळायला डोकं लागतं.

खरं तर ते डोकं एका पुडीत होतं. कोंबडीखाद्याच्या दुकानदाराने दिलेली औषधाची पूड तो रोज सकाळी बाटलीच्या बुचाने मोजून कोंबड्यांच्या पाण्यात कालवायचा. कोंबड्या ठणठणीत असल्या तरी बूचभर पूड चुकायची नाही. त्याची सहा वर्षांची नात खुशी शाळेला जाता जाता विचारायची, "आजोबा, पूड घातली?"

त्या घरची एक रीत होती. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अंड्यावर आली की तिचं पहिलं अंडं घरातल्या धाकट्याने कोमट दुधात कच्चंच फेटून प्यायचं. काळूराम तसाच वाढला, त्याचा मुलगा तसाच वाढला. या वेळी खुशीने नाक दाबून पेला संपवला, आजोबांनी तिची पाठ थोपटली, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला जुलाब सुरू झाले, ताप चढला.

डॉक्टरांनी नेहमीचं औषध दिलं. पाच दिवस झाले तरी ताप हटेना. खुशीला वसईला दवाखान्यात ठेवावं लागलं. पोर इतकी मलूल झाली की सुई टोचली तरी रडेना. काळूराम मनातून पार घाबरला होता, पण सुनेसमोर, निधीसमोर, तो ताठ बसून राहिला.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर क्षितिजा तरुण होत्या, पण बोलायला शांत. त्यांनी सांगितलं की जंतू साल्मोनेलाचे आहेत आणि नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. दोनच औषधं उरली आहेत, त्यातलं एक आजपासून शिरेतून देऊ. मग त्यांनी विचारलं, घरी कोंबड्या आहेत का?

"आहेत," निधी लगेच म्हणाली, "पण आमच्या बाबांच्या कोंबड्या कधी आजारीच पडत नाहीत."

सुनेने त्याची बाजू घेतली होती. गप्प बसला असता तर विषय तिथेच मिटला असता. काळूरामने स्कूटरच्या डिकीतून पुडी आणली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी नाव वाचलं. खुशीला आधी दिलेलं औषध याच घराण्यातलं, म्हणाल्या. "आजारी कोंबड्यांना देता?"

"नाय. आजारी पडू नये म्हनून. रोज."

"किती वर्षं?"

"आठ."

त्या रागावल्या नाहीत. रोज थोडं थोडं औषध मिळालं की जंतूंना त्याची सवय होते, चिवट तेवढे उरतात, आणि कोंबडी धडधाकट दिसली तरी ते तिच्या पोटात, अंड्यात असू शकतात, एवढं त्यांनी समजावलं. निधीने सासऱ्याकडे पाहिलंच नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आठ वर्षं मिरवलेलं डोकं खाली घालून तो बसून राहिला.

दोन दिवस ताप हलला नाही. दोन्ही दिवस सकाळी घरी जाऊन त्याने कोंबड्यांना नुसतं पाणी घातलं. गेल्या वर्षी मोठ्या मनाने प्रल्हादला दिलेली पुडीसुद्धा तो परत मागून आला. कारण सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं.

तिसऱ्या सकाळी ताप उतरला. निधी पेजेची वाटी घेऊन आली, तिने दोन चमचे भरवले आणि वाटी सासऱ्याच्या हातात दिली. काळूरामने पुढचा चमचा भरला.

खुशीने एक घास गिळला आणि बारीक आवाजात विचारलं, "आजोबा, पूड घातली?"

"नाय. पूड बंद केली."

"मग त्या आजारी पडतील ना?"

"पडल्या तर डॉक्टरला दाखवू," काळूराम म्हणाला. "तवा औषध लागू तरी पडल."