चालू राहिलेला माइक

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. कॉलरला चिमट्याने अडकवतात ना, तेवढासा, बोटाच्या पेराएवढा. माझा आवाज कायमचा गेला आहे, म्हणून ही हकिगत जरा कान देऊन ऐका.

एका कारखान्यात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईंनी माझ्या पोटातल्या केसासारख्या तारा जोडल्या. तिथून मी थेट एका प्रार्थनागृहात आलो. तिथल्या प्रवचनकारांचा आवाज मुळातच गोड. त्यात माझी भर पडली आणि शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंनाही शब्द न् शब्द ऐकू जाऊ लागला. माइक कसा खणखणीत आहे, असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई. प्रेम, दया, करुणा हे शब्द माझ्यातून इतक्यांदा गेले की मला ते तोंडपाठ झाले. पाठ झालं म्हणजे समजलं, असा माझाही गैरसमज होता.

प्रवचनकारांचं घर प्रार्थनागृहाच्या मागेच होतं. तिथे त्यांचे म्हातारे वडील होते. त्यांचे पाय गेलेले, उठायबसायलाही माणूस लागे. स्वभाव मात्र पहिल्यासारखाच तापट. मुलगा लहान असताना त्याच्याशी पट्ट्याशिवाय बोलणं नव्हतं, आणि तो धर्माच्या मार्गाला लागला तेव्हा त्यांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. आता वडिलांचं सगळं प्रवचनकारांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, अंगावर घेतलं होतं. प्रवचनकार औषधं आणत, डॉक्टरांना बोलावत, पण वडिलांच्या खोलीत पाऊल टाकत नसत.

एके दिवशी करुणेवरचं प्रवचन ऐन रंगात आलं होतं. घसा कोरडा पडला म्हणून प्रवचनकार मागच्या दाराने घरात पाणी प्यायला गेले आणि मला बंद करायला विसरले.

ताई दारातच उभ्या होत्या. वडिलांना उचलताना मुरगळलेलं मनगट टम्म सुजलं होतं. त्यामुळे बाबांची आंघोळ राहिली होती, पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या, आणि परक्या माणसाला ते अंगाला हात लावू देत नव्हते. आज तूच आंघोळ घाल, असं ताईंनी सरळ सांगून टाकलं.

"माझ्याच्याने नाही होणार, ताई," प्रवचनकार म्हणाले. "मला त्यांच्याबद्दल काहीच वाटत नाही. मनात प्रेम नसताना केलेली सेवा खोटी असते. मी ढोंग करणार नाही."

हे वाक्य मी, माझ्या सवयीप्रमाणे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं.

"तुझी सेवा खोटी असेल," ताई म्हणाल्या, "पण त्यांच्या पाठीची आग खरी आहे. मला तरी रोज कुठे प्रेम येतं? कधीकधी नुसता राग येतो. तरी हात चालवते. बाह्या वर कर, पाणी गार होतंय."

तिकडे यंत्रापाशी बसणारा माइकवाला एरवी भलता खडूस. कोणी तक्रार केली की वसकन अंगावर जायचा. पण बादलीचा आवाज येताच त्याने बटण फिरवलं. एका म्हाताऱ्या माणसाची आंघोळ चारचौघांत जाऊ नये, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. पुढचं फक्त मी ऐकलं.

"कोण आहे?" म्हातारबांनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

पहिला तांब्या अंगावर पडला. मग म्हातारबा कुरकुरले, पाणी फार कढत आहे. मुलाने गार पाणी घातलं. माफी नाही, गळाभेट नाही. पाठीवरून हात फिरवताना इथे दुखतं का, एवढं त्याने विचारलं, आणि म्हातारबांनी हुंकार दिला. पाय धुवायला तो वाकला आणि मी बादलीत पडलो. माझा आवाज तिथेच संपला, कान मात्र शाबूत राहिले.

ओल्या बाह्यांनी प्रवचनकार परत सभेत गेले. मी त्यांच्या खिशात होतो. माइकवाल्याने खाली मान घालून झाला प्रकार सांगितला. आता हे पळ काढणार, असं मला वाटलं. पण ते पाय रोवून उभे राहिले.

"तुम्ही ऐकलंत ते खरं आहे," ते म्हणाले. "करुणेवर मला बोलता येतं, करता येत नव्हती. प्रेम येवो न येवो, उद्या सकाळी मी पुन्हा जाणार आहे. परवाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिशातून काढून ठेवलं, तेव्हापासून मी न्हाणीघराच्या खिडकीत साबणाशेजारी पडून आहे. चिमटा गंजला, अंगावर धूळ बसली, कोणी विचारत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण प्रवचनकार रोज येतात. कधी कपाळाला आठ्या असतात, कधी तोंडातून शब्द निघत नाही, तरी येतात.

ताईंचं मनगट आता बरं झालं आहे. परवा भावाला उशीर झाला म्हणून ताई स्वतःच बादली घेऊन आल्या. म्हातारबांनी हात आडवा धरला.

"थांब," ते म्हणाले. "तो येईल."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जमेल तेव्हा पुसा. पण जिच्याविषयी काहीच वाटत नाही अशी एखादी व्यक्ती घरात असेल, तर वाटेपर्यंत थांबू नका. तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.