झाकून ठेवलेली पोळी

धाकट्या भागम्माचं लग्न पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात झालं. लेकीला वाटे लावल्यावर भीमण्णा उरलेली बुंदी आणि तळणच खात राहिला. पोट फुगलं तेव्हा नागम्मानं नवऱ्याला एरंडेल पाजून लंघनाला बसवलं. नुसती पेज.

भागम्मा मंठाळहून माहेरी आली, तेव्हा पुरणाचा वास घरभर गेला.

“नागे, एक घास दे की! रझाकारांनीबी एवढं उपाशी ठेवलं न्हाई.”

“लेकरावाणी कामून करायलाव? उद्या लंघन सुटतंय. तुमची पोळी झाकून ठेवलीय.”

तो हसून कुशीवर वळला.

सकाळी नागम्मा तूप घातलेली पोळी घेऊन गेली. “उठा,” म्हणत तिनं पाय हलवला. पाय गार होता.

ती पोळी नागम्मानं कुणालाच खाऊ दिली नाही. भीमण्णा १९५० सालच्या ज्येष्ठातल्या पहिल्या सोमवारी वारला.