चार बोटं जागा

“हिरवी शाई संपली,” आई म्हणाली आणि बाटली उलटी करून तिने तळाशी डोळा लावला.

वाचनालयातल्या लांब टेबलावर कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा पांढरा कागद पसरलेला होता. वर दोन निबंध, डावीकडे कोडं, उजवीकडे नाटकमंडळाचा अहवाल आणि मधोमध कविता. सगळं आईच्या अक्षरात, दाणे पेरावेत तसं. फक्त कवितेखाली चार बोटं जागा कोरी राहिली होती. मजकूर संपून जागा उरली की आई तिथे हिरवी वेल काढायची. बावीस वर्षांत तिच्या कागदावर कोरी जागा कुणी पाहिली नव्हती.

“मग निळी वेल काढ,” मी म्हटलं.

“निळी वेल कुठे बघितलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“नुसतं मोकळं सोड मग.”

“उद्या सकाळी स्पर्धेसाठी बाहेरच्या परीक्षक यायच्यात. शर्टाचं शेवटचं बटण न लावता पाठवू का कागद? जा, खालून डिंक घेऊन ये.”

मी पायऱ्या तीन-तीन करत खाली गेले. दुपारी शाळा सुटली की मी थेट आईच्या कॉलेजात येते. मुलींचं कॉलेज म्हणजे माझ्यासाठी रोजचं नाटक, तेही फुकट! व्हरांड्यात वादविवाद मंडळाच्या दोघी खांबाला प्रतिस्पर्धी समजून त्याच्याशी भांडत होत्या. मैदानावर जाळी कुणी फाडली यावरून दोन वर्गांची जुंपली होती. पुढच्या वर्षी मीही इथेच येणार आहे, आणि आल्या आल्या निवडणुकीला उभी राहणार आहे, हे मी शिपाईकाकांना सांगून ठेवलंय. ते म्हणतात, “आधी शाळेतून तर सुट.”

डिंक घेऊन वर आले तेव्हा आईने कागद फळ्यावर लावायला घेतला होता. खालची जागा भरलेली दिसली. बोलण्याच्या नादात मी वाचलंच नाही.

आई वाचनालयात मदतनीस आहे. पुस्तकं काढून देणं, शिक्के मारणं, धूळ झटकणं, सुट्टीत वसतिगृहाच्या खोल्या उघडून हवा खेळवणं, ही तिची नोकरी. भित्तिपत्रक नोकरीत नाही. मुली खरडून आणतात, भाषेच्या बाई तपासून कोपऱ्यात सही करतात आणि आई ते सुवाच्य उतरवते. मुली तिला अक्षरमावशी म्हणतात. महिन्यातले ते तीन दिवस आई घरी गुणगुणत येते. बाकीचे दिवस नुसती येते.

पंधरा दिवसांनी संपादक वाचनालयात घुसली. ही शेवटच्या वर्षाची, भित्तिपत्रकाची कारभारीण. वाचनालयात हळू बोलायचं असतं हे तिला तीन वर्षांत कुणी सांगितलं नसावं.

“अक्षरमावशी! सगळ्या कॉलेजांत आपली कविता पहिली! खारूताईची! आणि परीक्षकांनी काय लिहिलंय ऐका: ‘शेवटच्या दोन ओळींनी कविता उभी राहिली.’ आता ती दुखण्यातून उठून येऊ दे, संमेलनात तिला स्टेजवर वाचायला लावते की नाही बघा!”

खारूताई पहिल्या वर्षाची, वसतिगृहात राहणारी. एवढीशी, चटपटीत, कुणी हाक मारली की कपाटाआड गायब होणारी. कविता आईच्या हातात देऊन ती त्याच दिवशी आजारी पडून घरी गेली होती.

मी फळ्याकडे धावले.

*एक आरसा, आम्ही तिघी.*
*एकीची वेणी, एकीची घाई,*
*एकीला फक्त बघायचं असतं*
*आपण अजून आहोत की नाही.*

आणि त्याखाली, चार बोटांच्या जागेत:

*सुट्टीत खोलीला कुलूप लागतं.*
*आरसा समोरच्या भिंतीचं तोंड बघत बसतो.*

मी वळून आईकडे पाहिलं. ती पुसलेलंच कपाट पुन्हा पुसत होती.

घरी पोचेपर्यंत मी कसाबसा दम धरला. “आई, त्या ओळी तुझ्या आहेत!”

“जागा उरली होती.”

“बक्षीस तुझ्या ओळींना मिळालंय! मी उद्या सगळ्यांना सांगणार.”

“तोंड उघडलंस तर बघ.” आईने भाजीची सुरी खाली ठेवली. “तू दुसरीत होतीस. एका निबंधात मी एक शब्द बदलला होता. एकच. बाई म्हणाल्या, ‘तुमचं काम अक्षराचं, शब्द मुलींचे.’ वर्षभर काम काढून घेतलं माझ्याकडून. वर्षभर मी फक्त शिक्के मारले. आता तर दोन ओळी आहेत.”

“पण मग लिहिल्यास कशाला?”

“सुट्टीत त्या खोल्या मीच उघडते ना,” ती म्हणाली. “हात थांबला नाही, एवढंच.”

खारूताई संमेलनाच्या आदल्या दिवशी परतली. फळ्यासमोर उभी राहिली, वाचलं आणि सरळ काउंटरवर आली. कपाटाआड वगैरे नाही.

“मावशी, शेवटच्या दोन ओळी मी लिहिलेल्या नाहीत.”

आईने हातातला शिक्का बाजूला ठेवला. “नाही. मी लिहिल्या. चूक झाली, पोरी. बाईंना सांगायचं तर सांग, मी नाही म्हणणार नाही.”

मला वाटलं, ही आता आईला मिठीच मारेल. म्हणेल, काय सुंदर लिहिलंय! मी मध्ये पडलेच, “पण ओळी भारी आहेत की नाही?”

“आहेत,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. “तेच तर. बक्षीस त्यांना मिळालं. मग माझी कविता चांगली आहे की नाही, हे मला आता कुणाकडून कळणार?”

ती गेली. मी खरं सांगते, इतके दिवस या प्रकरणात मी फक्त आईला मोजत होते. दुसऱ्या बाजूला कुणी उभं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईच्या आलं होतं. त्या संध्याकाळी तिने चारदा शिक्का मारला आणि चारही वेळा तारीख चुकली.

संमेलनाला सभागृह खच्चून भरलं होतं. आईने दुपारपासून खुर्च्या मांडल्या होत्या आणि आता ती मागच्या दाराशी उभी होती. नाटकात एकीची दाढी निघून पडली, समूहगीताला एक रांग दुसरीच्या पुढे निघून गेली, आम्ही हसून हसून पोट धरलं. मग खारूताईचं नाव पुकारलं गेलं.

ती आली. माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर. तिने तो खाली ओढला आणि चार ओळी वाचल्या. ‘आपण अजून आहोत की नाही’ म्हणाली आणि कागद मिटला.

“अगं, पुढचं! दोन ओळी राहिल्या!” पडद्याआडून संपादक कुजबुजली, म्हणजे सगळ्या सभागृहाला ऐकू आलं.

“माझी कविता इथे संपते,” खारूताई म्हणाली. “फळ्यावर त्याखाली जे आहे, ते अक्षरमावशींचं आहे. मला विचारलं नव्हतं त्यांनी. पण आहे त्यांचंच. म्हणून मी ते वाचणार नाही. आणि बक्षीसही घेणार नाही.”

पहिल्या रांगेतल्या भाषेच्या बाई सावकाश मागे वळल्या. त्यांच्यामागे दुसरी रांग, तिसरी, सगळं सभागृह वळलं. बावीस वर्षं आईने तिथे खुर्च्या लावल्या, पण तिच्याकडे तोंड करून कुणी बसलं नव्हतं. आईने काय केलं? शेजारची एक खुर्ची जराशी वाकडी होती, ती सरळ केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला खोलीत बोलावलं. मी बाहेर नखं खात उभी. आत जाऊन भाषण ठोकायची माझी पूर्ण तयारी होती, मुद्देसुद्धा काढले होते. पण आई जाताना म्हणाली होती, “हे माझं आहे. तू इथेच थांब.” म्हणून थांबले.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

“भित्तिपत्रकाचं काम राहिलं तुझ्याकडे?”

“राहिलं. पुन्हा मुलींच्या शब्दाला हात लावायचा नाही म्हणाल्या.”

“मग तू काय म्हणालीस?”

“बरोबर आहे म्हणाले. बरोबरच आहे.”

पुढच्या महिन्याचे कागद आले. त्यात खारूताईची नवी कविता होती, नळावरच्या रांगेवर. आईने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, “चांगली आहे. हिला आता कुणाच्या शेपटाची गरज नाही.” कवितेच्या शेवटी जाड दुहेरी रेघ मारलेली होती. त्याखाली अर्धं पान कोरं, आणि त्यावर पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: *माझी कविता वर संपली. खालची जागा मावशींची.* कोपऱ्यात बाईंची सही.

मी उडीच मारली. “लिही! आत्ता लिही! हिरवी शाईसुद्धा नवी आलीय!”

“घाई कसली? उतरवायला वेळ लागत नाही. हे उतरवायचं नाहीये.”

भित्तिपत्रक उतरवताना तिने कवितेखाली तेवढी जागा सोडली, पट्टी घेतली आणि तिथे पेन्सिलीने फिकट रेघा आखल्या. एक, दोन, तीन, सात. मग पट्टी पुसून पेटीत ठेवली. वेल काढली नाही. लिहिलंही काही नाही.

सोमवारी कागद तसाच फळ्यावर लागला. मुली जमल्या, रेटारेटी झाली, कोड्याचं उत्तर कुणीतरी मोठ्याने फोडलं म्हणून बाकीच्या किंचाळल्या. एकीने मान वाकडी करून खाली पाहिलं.

“मावशी, हे अर्धंच राहिलं का? जागा कोरी दिसतेय.”

आईने पुस्तकावर शिक्का मारला, तारीख नीट उमटली का ते पाहिलं.

“कोरी नाही,” ती म्हणाली. “राखून ठेवलीय.”